बत्तीस-वीस

पुढं बत्तीस दाते, मागं वीस.
एवढंच गणित, चार दिवसांना पुरवायचं.
जांबोटीच्या डांबरावर
बेंगळुरूची पोरं गिअर टाकून भुर्रकन निघून जातात
तेव्हाही तेच.
पाय शिलाई मशीनसारखे फिरतात
आणि सायकल म्हणते, याच्या वर नाही जमत बा.

गिअर होते आधी.
हब्बनहट्टीला नदीच्या पात्रात उतरताना
मागचा डिरेलर दगडाला लागून चेपला.
नवा घ्यायचा तर अर्धा पगार.
केबल उपटली, चेन तोडून आखूड केली,
इराप्पाच्या भंगारातली एक चकती बसवली.
आठवडाभर अंगठा हँडलवर
नसलेलं बटण शोधत होता.

पहिल्या रात्री तंबूत पुण्याच्या एकानं विचारलं,
'सिंगलस्पीड का? काही तत्त्व वगैरे?'
म्हटलं, हँगर मोडला.
तो हसला,
मग माझ्या पोटऱ्यांकडं बघून गप्प झाला.

दुसऱ्या दिवसाचं काही सांगण्यासारखं नाही.
सपाट होतं. सगळे पुढं गेले.

तिसरा दिवस. कणकुंबी सोडून पारवाडच्या अंगानं वर.
तांबडा मुरूम, चाकाखालून सरकणारी खडी,
काजूचा पाचोळा,
वाटेतच गव्याचं शेण, अजून वाफ धरून.
इथं बसून होत नाही.
उभं राहायचं, हँडल अंगाकडं ओढायचं,
एक पाय.
थांबलोच की काय.
दुसरा पाय.
प्रत्येक फेरा म्हणजे खोल विहिरीतली एक घागर.
गिअरवाले हलकं करत जातात, आणखी हलकं करत जातात,
शेवटी हलकं करायला काही उरत नाही
आणि उतरतात.
मीही उतरतो.
त्यांच्यापेक्षा अकरा पावलं वर.

ढकलताना मान वर केली तर खांब.
चौदा नंबर. माझ्याच हातचा आकडा,
कानडीत लिहिलेला, कारण ऑफिस कानडी.
शिव्या मराठीत दिल्या होत्या, कारण खांब सिमेंटचा.
इथवर गाडी येत नाही.
तेरा खांदे होते आम्ही,
शिद्राय पुढं, बसलिंग मागं,
आणि मधल्या माणसांना आभाळ दिसत नव्हतं,
नुसती पुढच्याची टाच.
हाच चढ. तेव्हाही एकच गिअर.

वर इन्सुलेटरला तडा दिसला.
केसाएवढा. जळल्याचा डाग खाली ओघळलेला.
सायकल खांद्याला टेकवून बघत राहिलो.
पुण्याचा तो गेला, 'दादा, क्रॅम्प आला का?'
आणखी तिघं गेले.
फोनला रेंज नाही.
पारवाडच्या वर चेकपॉइंटला सावंत्रव्वा बसलेली,
छातीवरचे नंबर वहीत टिपत,
पुढ्यात गूळ, शेंगदाणे, मीठ लावलेली काकडी.
तिची पेन्सिल मागितली.
छातीवरचा नंबर उलटा करून मागं लिहिलं:
चौदा, तडा.
'बगा की,' ती म्हणाली, 'लोकं पळालेत आणि ह्यो हिशोब लिवतोय.'
गूळ मात्र दुप्पट दिला.

चौथ्या दिवशी नंदगडपासून खानापूरपर्यंत
पुन्हा सपाट, पुन्हा शिलाई मशीन.
एकतिसावा आलो.
सिंगलस्पीड गटात पहिला.
गटात मी एकटाच होतो,
तरी माइकवाल्यानं दोन भाषांत दोनदा नाव घेतलं
आणि दोन्हीकडं चुकवलं.

सोमवारी शिडी, दोर, हातमोजे.
जीप जाते तिथवर जीप, पुढं पायी.
मांड्या अशा की खांबावर चढताना
प्रत्येक पायरीला स्वतःशी मोजत होतो,
बत्तीस, वीस, बत्तीस, वीस.
जुना इन्सुलेटर हातात आला तेव्हा त्याचे दोन तुकडे झाले.
खालून जेई साहेबांनी विचारलं,
'कंप्लेंट तर कुणाचीच नव्हती. तुला कसं कळलं?'

वारा होता. ओरडून सांगावं लागलं.
ढकलत होतो, साहेब.